पेसाह ह्या आमच्या सणाच्या जेवणाला बोलावलं आणि येशूपाशी नेऊन बसवलं. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाला काय सांगू?

रेल्वेलाइन्सच्या_बाई (सोलापूर)

मंडळी, आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर निम्मे लोक "ज्यू? आणि सोलापुरात?" इथंच अडकतील. आम्ही बेने इस्राएल, मूळ रेवदंड्याकडचे. माझे आजेसासरे जी.आय.पी. रेल्वेत गार्ड होते, बदलीवर सोलापूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच. शेंगाचटणीशिवाय आमचं पान हलत नाही आणि गड्ड्याची जत्रा आम्ही कधी चुकवलेली नाही. दाराच्या चौकटीवर मेझुझा (शास्त्रवचनाची छोटी डबी) आहे, तो नवीन कुरिअरवाला आला की बेल समजून दाबतो. गावात सिनेगॉग नाही. सणाला जमलं तर पुण्याला रास्ता पेठेत जातो, नाही जमलं तर घरीच. माझी सासू योम किप्पूरला, म्हणजे आमच्या मोठ्या उपासाच्या दिवसाला, दार फाळणीचा सण म्हणायची आणि खरोखर दार लावून दिवसभर बसायची. शेजारच्या पद्मशाली काकू संध्याकाळी विचारायच्या, "उपास सुटला का हो?" एवढाच काय तो आमचा समाज.

आता मुलाचं. गेल्या ऑगस्टमध्ये तो एम.एस.साठी अमेरिकेला गेला. मधल्या भागातली सरकारी युनिव्हर्सिटी आहे, नाव लिहीत नाही. विमानतळावर एकजण न्यायला आला होता, तो कुठल्यातरी विद्यार्थी मंडळाचा. त्यांनी गादी दिली, टेबल दिलं, भाताचा कुकर दिला, सगळं फुकट. मी इथून भरभरून आशीर्वाद दिले. पुढे शुक्रवारी जेवण, रविवारी व्हॉलीबॉल. मग कुणाला तरी कळलं की हा इंडियन पोरगा ज्यू आहे आणि पाहुणचार एकदम दुप्पट झाला. त्यांच्या ओळखीतले दुसरे काहीजण भेटायला लागले. हे लोक स्वतःला ज्यूच म्हणवतात. डोक्यावर किप्पा (छोटी गोल टोपी), शुक्रवारी मेणबत्त्या, हिब्रूतले आशीर्वाद तोंडपाठ. पोराला वाटलं, चला, आपली माणसं भेटली.

एप्रिलमध्ये त्यांनी पेसाहच्या सेदरला, म्हणजे सणाच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, बोलावलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. तीन मात्सा (बिनखमिराच्या पोळ्या) तीन कप्प्यांच्या रेशमी पिशवीत. यजमानांनी मधली काढली, दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, बघा, हिच्यावर पट्टे आहेत आणि भोकं आहेत. पट्टे म्हणजे चाबकाचे वळ, भोकं म्हणजे खिळ्यांच्या जखमा. मग ती मोडली, अर्धी पांढऱ्या कापडात गुंडाळून लपवली आणि जेवणानंतर शोधून काढली. हा झाला मृत्यू, कबर आणि पुनरुत्थान. तीन कप्पे म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा.

आता माझ्या घरची मात्सा सांगते. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून व्हायला लागते, म्हणून आम्ही दोघी जावा घड्याळ समोर ठेवून लाटतो. पोळपाटावर लाटायची, काट्यानं टोचे मारायचे की फुगत नाही, आणि तव्यावर टाकायची. तिच्यावर पट्टे नसतातच मुळी! पट्टे कारखान्यातल्या मशीनच्या मात्सावर येतात. आणि तो लपवलेला तुकडा आमच्याकडे पोरांनी पेंगू नये म्हणून लपवतात. सापडला की बाबांकडून पैसे उकळायचे. हा मुलगा लहानपणी दर वर्षी तो तुकडा कपाटावरच्या सुटकेसमागून काढायचा, कारण त्याच्या बाबांना दुसरी जागा कधी सुचलीच नाही.

तर आता चिरंजीव विचारतात, "आई, ते म्हणतात येशुआला, म्हणजे येशूला, मानलं तरी मी ज्यूच राहतो, उलट पुरा ज्यू होतो. ह्यात चूक काय ते तू सांग." मला सांगता येईना. ह्यांचं म्हणणं, दुर्लक्ष कर, नोकरी लागली की सुटेल. मला ते पटत नाही. तिथं हे लोक कोण असतात, कुणाला अनुभव आहे का? आणि पोरगा हातचा न जाऊ देता त्याच्याशी बोलायचं कसं?

---

कडकभाकरी

सरळ तिकीट काढा आणि बोलवून घ्या परत. लई शहाणपणा झाला.

---

रेल्वेलाइन्सच्या_बाई

अहो, चोवीस वर्षांचा घोडा आहे तो, आणि शिक्षणाचं कर्ज बँकेचं आहे. बोलवून काय त्याला नवी पेठेत चादरी विकायला बसवू? दुसरं काही सुचवा.

---

बार्शी_ते_ओहायो

काकू, मी बार्शीचा, हिंदू, पण ह्या विमानतळावरच्या गादीवाल्यांचा मलाही चांगला अनुभव आहे. माझी पहिली खुर्ची त्यांचीच. परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या ख्रिस्ती संस्था जवळजवळ प्रत्येक मोठ्या कॅम्पसवर असतात. माझ्या इथल्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आम्ही चर्चचे लोक आहोत, बायबल वाचनाला यायचं तर या, नाही आलात तरी गादी परत मागणार नाही. मी दोनदा गेलो, कंटाळा आला, बंद केलं. कुणी पाठ धरली नाही. त्यामुळे सगळ्यांना एका मापानं मोजू नका.

ज्यू विद्यार्थ्यांचं प्रकरण मात्र वेगळं आहे, ते मला माझ्या रूममेटमुळे कळलं. तो न्यू जर्सीचा ज्यू. ज्यूंमध्ये धर्मप्रचार करणं हे अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षांचं स्वतंत्र काम आहे. हंगेरीहून आलेल्या लिओपोल्ड कोन ह्या माणसानं १८९४ मध्ये ब्रुकलिनला सुरू केलेलं मिशन आज 'चोझन पीपल मिनिस्ट्रीज' नावानं चालतं. सगळ्यात गाजलेली संस्था 'ज्यूज फॉर जीझस', १९७३ ची, सॅन फ्रान्सिस्कोची. तिचे संस्थापक मोईशे रोझेन जन्मानं ज्यू आणि दीक्षेनं बॅप्टिस्ट पाळक. रस्त्यावर, कॅम्पसवर, विमानतळावर पत्रकं वाटायची ही त्यांची पद्धत. लॉस एंजेलिसच्या विमानतळानं मनाई केली तर ते थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये एकमतानं जिंकले. त्यामुळे "ह्यांच्यावर बंदी आणा" वगैरे कुणी सुचवलं तर विसरा, तिथं अभिव्यक्तीचा हक्क फार पक्का आहे. तुमच्या मुलाला भेटलेले लोक ह्यांतलेच आहेत असं मी म्हणत नाही. असे गट बरेच आहेत आणि पुष्कळ तर अगदी स्थानिक असतात.

विद्यार्थीच का धरतात, तर घरापासून लांब, एकटा, अठरा ते पंचवीसचं वय, आणि "मी कोण" हा प्रश्न ऐरणीवर. आमच्या मेसच्या टेबलावर सगळ्या पंथांची माणसं येऊन बसायची. रूममेट म्हणायचा, मला ज्यू असण्याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारे लोक ज्यू नव्हतेच.

एक विचारतो. ज्यू विद्यार्थ्यांची स्वतःची संस्था असते, 'हिलेल'. १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली, आता शेकडो कॅम्पसवर आहे. तुमचा मुलगा तिथं गेला नाही का?

---

रेल्वेलाइन्सच्या_बाई

गेला होता ना! पहिल्याच आठवड्यात गेला होता. तिथल्या मुलांनी काय विचारलं, तर "इंडियात ज्यू असतात? आई ज्यू की वडील? धर्मांतर केलेलं आहे का? तुमचा राब्बी (धर्मगुरू) कोण?" वाईट मनानं नसेल विचारलं, पण हा गडी सोलापूरचा, मनातल्या मनात "काय बे, आधारकार्ड दाखवू का" म्हणाला आणि परत फिरकला नाही. दुसऱ्यांनी काहीच विचारलं नाही. गळ्यात पडले आणि म्हणाले, तू तर देवाच्या निवडलेल्या लोकांतला! सांगा बरं, तुम्ही कुठल्या दारात परत गेला असता?

---

रास्तापेठकर_आजोबा (पुणे)

बाई, मी आपल्याच समाजातला. ते प्रश्न मला जुने आहेत. माझा भाऊ साठच्या सुरुवातीला इस्राएलला गेला तेव्हा तिथल्या राब्बींनी आपल्या लोकांच्या लग्नांवरच शंका काढली होती. आपल्या माणसांनी आंदोलनं केली, धरणं धरली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत असं तिथल्या सरकारनं आणि संसदेनं ठणकावलं. मुलाला हे सांगा. त्याला विचारणारी अमेरिकन पोरं अडाणी आहेत, अधिकारी नाहीत. त्यानं एकदा जाऊन त्यांना दर्यात फुटलेलं जहाज, नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी, तेलाचे घाणे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली' ही गोष्ट रंगवून सांगावी. तोंडात बोट घालतील.

आता मुख्य प्रश्न. हा प्रकार आपल्याला नवा नाही, हे मुलाला कळलं तर निम्मी जादू उतरेल. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ मध्ये उतरले. त्यांनी कोकणपट्टीत शाळा काढल्या, त्यांत आपली मुलं शिकली आणि आपली माणसं मास्तर म्हणून लागली. पाठोपाठ १८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे. आपल्या लोकांना त्या काळी शेमा (देव एकच आहे ही प्रार्थना), सुंता, शब्बाथ (शनिवारची विश्रांती) आणि खाण्याचे नियम एवढंच ठाऊक होतं, हिब्रू वाचता येत नव्हतं. विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू उघड होता, हे लोक पवित्र शास्त्र वाचतील आणि येशूकडे येतील.

झालं भलतंच. आपल्या लोकांनी हिब्रू शिकून घेतलं, मराठीत आलेला जुना करार वाचला आणि आणखी पक्के ज्यू झाले. धर्म बदलला तो फारच थोड्यांनी. पुढच्या पिढीत जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली आणि बेने इस्राएलांचा इतिहास लिहून ठेवला. त्यात मिशनऱ्यांचे उपकारही मोकळेपणानं मानले आहेत. उपकार मानायचे, पुस्तक घ्यायचं, आणि आपल्या घरी यायचं. माझे आजोबा हेच सांगत.

"येशूला मानून ज्यू राहता येतं का?" ऑर्थोडॉक्स आणि रिफॉर्म, म्हणजे ज्यूंमधले सनातनी आणि सुधारक, ह्यांचं एरवी कशावरच एकमत नाही. बायकांनी तोरा (आपलं मूळ शास्त्र) वाचावी का, शनिवारी गाडी चालवावी का, सगळ्यावर भांडतात. ह्या एका प्रश्नावर मात्र दोघांचं उत्तर एकच, नाही. जन्मानं ज्यू असलेला माणूस काहीही केलं तरी ज्यूच राहतो, ते रक्त पुसता येत नाही. पण त्याचा तो विश्वास यहुदी धर्म राहत नाही. आपला देव एक आहे, तो देह धारण करत नाही. मशीहा, म्हणजे देवानं पाठवायचा तारणारा, येईल तेव्हा युद्धं थांबतील, विखुरलेले गोळा होतील. वर्तमानपत्र उघडून बघा, थांबलीत का?

मुलाला जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकाचा ५३ वा अध्याय वाचायला देतील, ह्याची मला खात्री आहे. "आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला" तो अध्याय, म्हणतील हा सोसणारा येशूच. त्यानं तो वाचावाच. फक्त तेवढाच वाचू नये, चार अध्याय मागे जावं. ४९ व्या अध्यायात तिसऱ्या ओवीला देव म्हणतो, तू माझा सेवक आहेस, इस्राएल. तो सोसणारा सेवक म्हणजे आपला सगळा समाज, असा अर्थ राशी ह्या भाष्यकारानं नऊशे वर्षांपूर्वी लावला आहे.

---

मिशनकंपाउंड

बाई, मी ख्रिस्ती, सोलापूरचाच. पणजोबा अमेरिकन मिशनच्या बोर्डिंगात शिकले, त्याआधी आमच्या घराला शाळेचं दारही माहीत नव्हतं. तेव्हा "गादी दिली म्हणजे धर्म बदलायला दिली" असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात कालवतं. माझी बायको दर नाताळला शेजारच्या पाच घरी करंज्या देते, त्यात काय कावा असतो? काही माणसं नुसती चांगलीही असतात.

पण तुम्ही लिहिलेलं सेदर मी दोनदा वाचलं आणि मला राग आला. माझा धर्म सांगायचा मला हक्क आहे, राज्यघटनेच्या २५ व्या कलमानं दिलेला आहे. मी सांगताना मी कोण आहे हे आधी सांगायला पाहिजे. माझ्या अंगावर पाळकाचा झगा असेल तर समोरच्याला कळतं, आता उपदेश होणार, उठायचं तर उठा. दुसऱ्याच्या सणाचं ताट मांडून, त्याच्याच आजीची गाणी म्हणून, अर्ध्या जेवणात अर्थ फिरवायचा, ह्याला मी साक्ष देणं म्हणत नाही. वल्हांडणाचा सण, म्हणजे तुमचा पेसाह, आमच्याही बायबलात आहे, प्रभूचं शेवटचं भोजन आम्ही त्याच संदर्भात वाचतो. चर्चमध्ये आम्ही तो अर्थ लावला तर कुणाची हरकत नसावी. ज्यू पोराला "तुझाच सण" म्हणून बोलावून लावला, तर हरकत घ्यावी.

आमच्यातही ह्यावर एकमत नाही, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितो. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी १९९६ मध्ये ज्यूंमध्ये सुवार्ता सांगण्यावर जोर द्यायचा ठराव केला. उलट २०१५ मध्ये व्हॅटिकननं काढलेल्या लेखात म्हटलं आहे की कॅथॉलिक चर्च ज्यूंसाठी खास संस्थात्मक मिशन चालवत नाही आणि तशा कामाला पाठिंबाही देत नाही. म्हणजे "सगळे ख्रिस्ती असेच" हे वाक्य मुलासमोर बोलू नका. खोटं आहे ते, आणि त्याचे तिथले मित्र ख्रिस्ती असतील तर तुमचं पुढचं तो ऐकणारच नाही.

माझ्या मते त्यानं यजमानांना एकच विचारावं. "तुमचा पगार कोण देतं, आणि त्या संस्थेच्या उद्देशपत्रिकेत माझ्याबद्दल काय लिहिलंय?" प्रामाणिक माणूस वेबसाइट उघडून दाखवेल. दुसरा गाणं सुरू करेल.

---

बार्शी_ते_ओहायो

हे पगाराचं भारी आहे. मी एक जोडतो. पुढच्या वेळी बोलावलं तर म्हणायचं, "येतो, पण बरोबर हिलेलच्या राब्बीला आणतो, चालेल ना?" चेहरा बघायचा.

आणि काकू, थोडं गुंतागुंतीचं आहे हेही सांगून ठेवतो, नाहीतर मुलगा तुम्हाला आकडा फेकून मारेल. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ३४ टक्के ज्यूंनी म्हटलं होतं की येशूला मशीहा मानणारा माणूस ज्यू असू शकतो. ते लोक हा आकडा वापरतात. त्यावर माझ्या रूममेटचं उत्तर असं की प्रश्न "असू शकतो का" हा होता, आणि आमच्याकडे कुणालाच समाजातून काढत नाहीत. "तुम्ही स्वतः मानता का" असा तो प्रश्न नव्हता.

---

कडकभाकरी

एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही लोक कुणाला ज्यू करून घेत नाही का? म्हणजे तुमच्याकडून कुणी प्रचाराला कॅम्पसवर जात नाही?

---

रास्तापेठकर_आजोबा (पुणे)

चांगला प्रश्न आहे. आम्ही कुणाला बोलवत नाही. कुणी स्वतः आलाच तर राब्बीनं आधी त्याला परतवून लावायचं, ही जुनी रीत आहे. अभ्यास, परीक्षा, सगळं पार पडून टिकला तर घ्यायचा. कॅम्पसवर 'खबाद' ह्या ज्यू पंथाचे काळ्या टोपीवाले राब्बी असतात, तेही मागे लागतात बरं का, चांगलेच चिकट असतात. पण त्यांचा पहिला प्रश्न असतो, "तू ज्यू आहेस का?" नाही म्हटलं की "दिवस चांगला जावो". हो म्हटलं की धरून टेफिलीन (प्रार्थनेच्या वेळच्या चामड्याच्या डब्या) बांधतात.

---

रेल्वेलाइन्सच्या_बाई

सगळ्यांना धन्यवाद. मिशनकंपाउंड, तुमचं वाचून ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. करंज्यांचं ऐकून म्हणाले, "ह्या बाईंच्या घराचा पत्ता माग." नाताळपर्यंत आमची ओळख वाढवा.

काल रात्री मुलाशी बोलले. धर्म बुडाला, आजोबांना काय वाटेल, असलं काही काढलं नाही. मात्साच्या पट्ट्यांपासून सुरुवात केली. म्हटलं, बाळा, आपल्या मात्सावर पट्टे असतात का रे? तो गप्प झाला, मग हसला. म्हणाला, "नसतात गं. काकूच्या मात्सावर तर नकाशे असतात." म्हटलं, मग आपल्या मात्सातून कोण दिसणार, श्रीलंका?

तिथून बोलणं सरळ झालं. मी विल्सनसाहेबांचं व्याकरण सांगितलं. त्याला ते फार आवडलं, इंजिनियरचा मेंदू, "म्हणजे आपण हार्डवेअर घेतलं आणि त्यांचं सॉफ्टवेअर टाकलंच नाही" म्हणाला. पगाराचा प्रश्न सांगितला तर जरा चिडला. "आई, ती माझी मित्रं आहेत. त्या माणसानं मला ताप आला तेव्हा सूप आणून दिलंय." मी म्हटलं, सूप आणणाऱ्याला विचारायला काय भीती? मित्र असेल तर सांगेल. सूप खरं असेल तर उत्तरानं ते आंबट होत नाही. त्यावर "बघतो" म्हणाला. आमच्या घरात "बघतो" म्हणजे साधारण हो असतं. ह्यांचं "बघतो" म्हणजे नाही असतं, पण पोरगा माझ्यावर गेलाय.

एक गोष्ट मला आतून लागली ती लिहिते. तो म्हणाला, "आई, ते मला हिब्रू शिकवायला तयार आहेत. आपल्याला कुणी शिकवलं?" खरं आहे. आम्ही त्याला शेमा शिकवला, मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) शिकवला, एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं शिकवलं. काळे मनुके भिजवून किद्दुशचं (शब्बाथच्या आशीर्वादाचं) सरबत त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. पण अक्षर? सोलापुरात कोण शिकवणार होतं? शाळेतून आल्यावर गणिताची शिकवणी होती, चित्रकलेच्या परीक्षा होत्या. आता तिथं कुणी फुकट शिकवतो म्हटल्यावर ओढला जाणारच. आजोबा, तुमच्याकडे ह्यावर काही आहे का?

---

ठाण्याची_शलोमित

काकू, मी ठाण्यात असते, वय तुमच्या मुलाएवढंच. हिब्रू ऑनलाइन शिकले. इस्राएलला गेलेल्या एका नातलग मावशींनी सुट्टीत व्हिडिओवर शिकवलं, मराठीतून. अक्षरं आठवड्यात येतात, पुढचं सरावानं. मावशी अजून शिकवतात, आमचे दोन-तीन लोक असतात. मुलाची इच्छा असली तर मला इथं निरोप टाका. तिथल्या वेळेनुसार शनिवारची सकाळ शब्बाथात जाते म्हणून रविवारी ठेवता येईल.

आणि "तू खरी ज्यू का" हे मलाही झालंय, परदेशात एका शिबिरात. मी सरळ सांगितलं, २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिलाय, तुमच्या सरकारनं तुम्हाला दिलाय का? सगळे हसले. नंतर त्याच मुलींनी माझ्याकडून मलिद्याची कृती घेतली. पोहे मिळाले नाहीत तर म्युसली वापरली म्हणे, देव त्यांना क्षमा करो.

---

रास्तापेठकर_आजोबा (पुणे)

बाई, हिब्रू ही शलोमित शिकवेल, पोरगी हुशार दिसते. मी दुसरं सांगतो. आपल्या लोकांची स्वतःची हगादा (सेदरला वाचायची पोथी) आहे, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाली आणि १८७४ मध्ये पुण्यात चित्रांसहित छापली. पुण्याच्या आवृत्तीतलं चित्र बघा, बायका लुगडं नेसून जमिनीवर बसून मात्सा करताहेत. कुणी पीठ मळतंय, कुणी लाटतंय, कुणी भाजतंय. तुम्ही आणि तुमची जाऊच. ही पानं इंटरनेटवर सहज सापडतात.

मुलानं पुढच्या पेसाहला हिलेलमध्ये ते चित्र नेऊन टेबलावर ठेवावं. "तुमचा राब्बी कोण" विचारणाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वीची मराठी हगादा दाखवावी. आणि त्या दुसऱ्या मित्रांनाही दाखवावी, तोडायचं कशाला.

---

रेल्वेलाइन्सच्या_बाई

चित्र बघितलं! लाटणारी बाई हुबेहूब माझ्या सासूसारखी बसलीय, एक गुडघा वर करून. मुलाला पाठवलं. त्याचं उत्तर, "आई, हे प्रिंट काढून दारावर लावतो." मग विचारलं, मात्सा घरी करायची तर तिथल्या इलेक्ट्रिक शेगडीवर अठरा मिनिटांत जमेल का, आणि पीठ कुठलं घ्यायचं. आता हे मला माहीत नाही. ओहायोवाले, तुमच्याकडे इंडियन दुकानात जी कणीक मिळते ती पोळीसारखी पातळ लाटली जाते का हो? आणि तवा इथून पाठवला तर सामानाच्या वजनात किती जाईल?